मेणबत्त्या कुणी आणल्या?

मित्रहो, विषय जाहीर झाला आहे तो ‘कल्पनाविश्वातला गुप्त पंथ: प्रवेश, गुपित आणि फूट’ असा. तिन्हींवर बोलणारच आहे. पण आधी मला मेणबत्त्यांबद्दल बोलू द्या, कारण या विषयातलं मला जे थोडंफार कळलं ते तिथूनच.

माझ्या पहिल्या अद्भुत कादंबरीत एक पंथ होता. अकराव्या प्रकरणात नायक भुयारात उतरतो. खाली गोल दालन, दोनशे मेणबत्त्या, काळे झगे घातलेली चाळीस माणसं, तोंडं झाकलेली, आणि मृत भाषेतला मंत्र. मी ते प्रकरण फार जीव लावून लिहिलं होतं. आपल्यापैकी जे लिहितात त्यांना ठाऊक आहे, अशी प्रकरणं हाताला लागली की माणूस रात्र रात्र उठत नाही.

हस्तलिखित मुद्रितशोधनाला गेलं. शोधक वयस्कर होते, या प्रकारचं साहित्य त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. परत आलं तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा होत्याच, पण अकराव्या प्रकरणाच्या समासात बारीक पेन्सिलीनं एक ओळ होती: ‘मेणबत्त्या कुणी आणल्या?’

मला राग आला. फोन केला. म्हटलं, काका, ही कल्पित गोष्ट आहे, यात ड्रॅगन आहे, त्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत. ते म्हणाले, “ड्रॅगनचं मी मान्य केलं, तुमच्या जगात ड्रॅगन असतात. पण तुमच्या जगात माणसंही आहेत ना? तुम्हीच लिहिलंय की पंथ तीनशे वर्षं गुप्त आहे आणि वर्षातून बारा वेळा जमतो. बारा गुणिले दोनशे, वर्षाला दोन हजार चारशे मेणबत्त्या. तीनशे वर्षांत सात लाख वीस हजार. एवढुशा गावात इतक्या मेणबत्त्या घेणारं गिऱ्हाईक कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही?” मी गप्प. मग म्हणाले, “आणि झगे कोण धुतं? मेणाचे डाग सहजासहजी निघत नाहीत.”

दोन दिवस माझी धुसफुस चालली. तिसऱ्या दिवशी ते प्रकरण मी स्वतःच वाचलं आणि त्या चाळीस झग्यांच्या आत एकही माणूस सापडला नाही. एकालाही घर नव्हतं. रात्री कुठे जातोस असं त्यांच्यातल्या कुणाला कुणी विचारलेलं नव्हतं. मी पंथ लिहिलाच नव्हता, झगे लिहिले होते.

तेव्हापासून मी खऱ्या गुप्त पंथांचं वाचायला लागलो, आणि जिथे जाईन तिथे काकांचा प्रश्न माझ्या आधी पोचलेला असायचा. रोमचंच घ्या. इसवी सनापूर्वी 186 मध्ये रोमच्या सेनेटनं बॅकस या मद्याच्या देवाच्या गुप्त उत्सवांवर बंधनं घातली. तो हुकूम ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला होता. त्यातला एक पत्रा 1640 साली दक्षिण इटलीत तिरिओलो इथे सापडला आणि आज तो व्हिएन्नात आहे. लिव्ही हा इतिहासकार सुमारे दोन शतकांनंतर हीच हकीकत सांगतो तेव्हा त्यात व्यभिचार आहे, विषप्रयोग आहे, खोटी मृत्युपत्रं आहेत, रात्रीच्या किंकाळ्या बुडवणारे ढोल आहेत. सात हजारांहून जास्त माणसं गुंतली होती, असं तो लिहितो. आता पत्र्यावर काय आहे ते ऐका. पुरुषानं पुजारी व्हायचं नाही. पंथाचा सामाईक निधी ठेवायचा नाही. एकमेकांशी शपथा घ्यायच्या नाहीत. गुपचूप विधी करायचा नाही. पाचापेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही, त्यातही पुरुष दोन आणि बाया तीन. याहून वेगळं काही करायचं असेल तर परवानगी घ्यायची, आणि ती देताना सेनेटमध्ये किमान शंभर सभासद हजर हवेत.

माझ्यासाठी सगळा विषय या पत्र्यात आहे. बॅकसची पूजा त्यांनी सरसकट बंद केली नाही. त्यांनी हात घातला तो पैशाच्या पेटीला, शपथेला आणि माणसांच्या संख्येला. पाणी कुठे मुरतंय ते राज्य चालवणाऱ्यांना बरोबर कळलं होतं. ज्याच्याकडे सामाईक पेटी आहे तो उद्या मेणबत्त्या आणेल, परवा जागा घेईल, आणि शपथेनं बांधलेली माणसं कोतवालापेक्षा त्याचं जास्त ऐकतील. आपल्या कादंबऱ्यांतला राजा मात्र पंथाला का घाबरतो? तर भुयारात राक्षस जागा होणार म्हणून. एखाद्या राजाला त्या पेटीची भीती वाटलेली मला वाचायची आहे.

दुसरं उदाहरण एल्युसिसचं, अथेन्सजवळच्या. तिथल्या डिमीटर देवीच्या देवस्थानातली गुप्त दीक्षा हजार वर्षांहून जास्त काळ चालली. ग्रीक समजत असेल आणि हातून मनुष्यहत्या झाली नसेल तर कुणालाही दीक्षा मिळे, बाईला मिळे, गुलामालाही मिळे. म्हणजे गुपित हजारो माणसांना ठाऊक होतं. ते फोडणाऱ्याला मृत्युदंड होता. आत नेमकं काय दाखवत ते त्या हजारोंपैकी एकानंही आपल्यासाठी सरळ लिहून ठेवलेलं नाही. पण त्याच देवस्थानाचे इसवी सनापूर्वी 329 सालचे जमाखर्च दगडावर कोरलेले सापडले आहेत! विटा किती, लाकूड किती, मजुरी किती, देवस्थानाच्या गुलामांना कपडे आणि पायताणं किती. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा काकांची फार आठवण झाली. ते आता नाहीत. असते तर तो दगड मी त्यांना वाचून दाखवला असता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर झालेलं व्याख्यान आता सुरू होतंय. तिन्ही मुद्दे भरभर घेतो.

प्रवेश. आपल्या गोष्टींत माणूस पंथात जातो तो एक तर सत्तेसाठी, नाहीतर वेडापायी. रोमन साम्राज्यातल्या मिथ्र देवाच्या पंथाकडे पाहा. रोमन सैनिक, व्यापारी, जकातीवरचे कारकून, सगळे पुरुष. जागा लहानशी, गुहेसारखी, दोन्ही बाजूंना ओटे, मावली तर तीस-चाळीस माणसं. सात पायऱ्या: पहिली कावळ्याची, शेवटची पित्याची. घरापासून दूर पडलेल्या शिपायाला तिथे बसायला ठरलेली जागा मिळत होती आणि वर चढायला पुढची पायरी दिसत होती. तुमच्या पंथात येणारा माणूस कशाचा भुकेला आहे ते आधी ठरवा, देव नंतर. आणि तिथल्या जेवणावळीही लक्षात असू द्या. बेल्जियममध्ये टीनेन इथे अशा एका देवळापाशी एकाच मोठ्या मेजवानीतली कोंबड्यांची हाडं सापडली, शेकडो कोंबड्यांची. एवढं रांधलं तर शेजाऱ्याला वास जातोच. शेजाऱ्याला पंथ आहे हे ठाऊक असतं, आत काय चालतं ते ठाऊक नसतं. गुप्त पंथ लिहायचा तर शेजारी लिहा.

गुपित. शेवटच्या प्रकरणात फोडायचं म्हणून गुपित जपून ठेवू नका. फुटलं की ते एका वाक्याचं निघतं आणि वाचकाचा हिरमोड होतो. ते सांभाळताना माणसाचं काय होतं ते दाखवा. झोपेत बोलण्याची धास्ती असलेला नवरा वेगळ्या खोलीत निजतो, बायको त्याचा भलताच अर्थ लावते. मला हे एक दृश्य दहा भुयारांपेक्षा मोलाचं वाटतं.

फूट. पुन्हा लिव्ही. तो म्हणतो, रोममध्ये बोभाटा झाला तो हिस्पाला नावाच्या एका मुक्त झालेल्या दासीमुळे. तिच्या प्रियकराला दीक्षा द्यायचं घाटत होतं. तिनं त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं आणि तिथून बातमी कॉन्सलपर्यंत, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत गेली. कॉन्सलसमोर ती थरथरत होती, तिला माणसांची भीती होती आणि देवांचीही. गुपित फोडणारी व्यक्ती आपण नेहमी लाचार किंवा लोभी रंगवतो. हिस्पालाला नंतर बक्षीस मिळालं हे खरं, पण ती बोलली त्या माणसाच्या मायेपोटी.

दोन मिनिटं. तर अकरावं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. भुयार तेच आहे, मेणबत्त्या मात्र आता बारा. त्या बनवणारी एक विधवा आहे, नदीकाठी तिचं दुकान आहे. दर महिन्याला एक मुका मुलगा येतो, मोजून बारा नेतो, पैसे रोख देतो. तिच्या आईच्या वेळीही असाच कुणीतरी येत असे आणि बाराच नेत असे. ती कधी विचारत नाही. एका महिन्यात तो मुलगा येतो आणि बोटांनी अकरा दाखवतो. ती अकरा बांधून देते, मग दुकानाची फळी लावून घेते आणि त्या आठवड्यात गावात कोण कोण गेलं ते आठवत बसते. गेलेला एकच असतो, तिचा भाऊ. कादंबरी आता तिथून सुरू होते.