जुन्या ब्रेकरची पहिली ट्रिप

मित्रहो, आजचा विषय जुन्या एअर सर्किट ब्रेकरांची, म्हणजे बिघाड होताच वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचांची, देखभाल असा जाहीर झाला आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे, ब्रेकरच्या पहिल्या ट्रिपकडे, आपल्या कारखान्यांत फार दुर्लक्ष होते, म्हणून तिच्याविषयी मला आधी बोलू द्या. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमधला ब्रेकर वर्षानुवर्षे ऑन असतो आणि तो कधीच ट्रिप झाला नाही, म्हणजे आपोआप उघडला नाही, याचे कौतुक होते. मला मात्र त्याचीच सर्वाधिक काळजी वाटते. उष्णतेने ग्रीसमधले तेल निघून जाते, उरलेला चोथा धुळीसह लॅचवर, म्हणजे यंत्रणा अडवून धरणाऱ्या खिट्टीवर, आणि बेअरिंगांत घट्ट बसतो, आणि बिघाड ओळखणाऱ्या रिलेने आज्ञा दिली तरी यंत्रणा उशिरा हलते किंवा हलतच नाही.

एका कारखान्यात एका विभागाला वीज नेणाऱ्या फीडरवर शॉर्ट सर्किट झाले, त्या फीडरचा ब्रेकर उघडला नाही, मागचा इनकमर, म्हणजे सगळ्या पॅनेलचा मुख्य ब्रेकर, उडाला आणि सगळा प्लांट बंद पडला. मागच्या शटडाउनच्या अहवालात याच ब्रेकरसमोर ‘समाधानकारक’ असा शेरा होता. चाचणीपूर्वी काय केले होते, असे मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, “साहेब, ब्रेकर बाहेर काढला, स्प्रे मारला, चार-पाच वेळा ऑन-ऑफ केला आणि मग टेस्ट घेतली.” त्याला शिकवलेच तसे होते, दोष पद्धतीचा होता. त्या ऑन-ऑफने यंत्रणा तेवढ्यापुरती मोकळी झाली आणि ती अडकली होती याचा पुरावाच नाहीसा झाला. स्प्रे उडून गेला, जुने ग्रीस तिथेच राहिले आणि पुन्हा आवळले.

म्हणून माझा आग्रह आहे की लोड काढल्यावर, साफसफाईला हात लावण्यापूर्वी, ब्रेकर रिलेमार्फतच ट्रिप करावा आणि त्या पहिल्या ट्रिपचा वेळ मोजून नोंदवावा. करंट तेवढाच राहिला आणि ५० मिलिसेकंदांऐवजी ५०० लागले, तर आर्कमधून, म्हणजे हवेतून उडणाऱ्या विजेच्या ज्वाळेतून, सुटणारी ऊर्जा दहापट होते, आणि ती पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. जुने ग्रीस पूर्ण काढून उत्पादकाने सांगितलेलेच नवे लावावे. काँटॅक्टचा रोध मायक्रोओहममध्ये मोजून तिन्ही फेजांची तुलना करावी. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारे उपकरण, लावण्यापूर्वी ब्रेकरला ट्रिप करणारा इलेक्ट्रॉनिक रिलीज जोडणीतून सोडवावा. सेकंडरी इंजेक्शनने, म्हणजे रिलेला थेट छोटा चाचणी-करंट देऊन, रिले आणि ट्रिप यंत्रणा तपासली जाते. करंट मोजणाऱ्या सीटीसह (करंट ट्रान्सफॉर्मरसह) संपूर्ण साखळी तपासायची तर प्रायमरी इंजेक्शनच, म्हणजे ब्रेकरच्या मुख्य वाहकांतून मोठा करंट सोडणेच, हवे. आर्क विझवणाऱ्या जुन्या आर्क शूटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे त्यावर हवेचा झोत कधीही मारू नये. आणि ब्रेकर रॅक आउट केला, म्हणजे पॅनेलमधून बाहेर ओढला, तरी स्प्रिंग चार्ज, म्हणजे ताणलेली, असू शकते. ती डिस्चार्ज झाल्याची खात्री केल्याशिवाय यंत्रणेत बोट घालू नये.