निषेध की निषेघ?

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘सामाजिक न्यायाच्या चळवळी आणि अक्षररचना’. भारदस्त आहे. पण सुरुवात एका फटीपासून करू. ती समजली की उरलेलं व्याख्यान पाच मिनिटांत आटोपतं.

‘निषेध’ हा शब्द घ्या. मोर्च्यात याच्याइतका राबणारा शब्द दुसरा नाही. यातल्या ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण नसते. डावीकडे गाठ वळते, मध्ये फट राहते आणि रेघ फक्त उजवीकडच्या दांड्यावर येते. ‘घ’ला मात्र अख्खी रेघ. आता फलक रंगवणारा कार्यकर्ता काय करतो? सगळा शब्द लिहून झाला की फूटपट्टी ठेवतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सणसणीत रेघ ओढतो, चादरीच्या काठासारखी. ‘ध’ची गाठ त्या रेघेत बुडते आणि निषेधाचा ‘निषेघ’ होतो. दुसरा बळी ‘भ’. तिथे रेघ सलग गेली की ‘जय भीम’चं ‘जय मीम’. (हशा) हसा, पण जाताना चौकातले फलक वाचत जा. ‘संघर्ष’चं उलट. तिथे चुकून फट राहिली की ‘संधर्ष’. म्हणजे ‘संघर्ष’ आणि ‘निषेध’ एकाच फलकावर आले की एकीकडे रेघ सलग हवी, दुसरीकडे हात उचलायला हवा.

उपाय सोपा आहे. फूटपट्टी फक्त पेन्सिलीच्या खुणेपुरती. रंगाची शिरोरेषा एकेका अक्षराची ओढायची. भिंतीवर निळीचं सूत मारताना दोन सुतं मारा, एक शिरोरेषेचं, एक अक्षराच्या पायाचं. अक्षराचं अंग ६ इंच आणि रेघ १ इंच जाड असेल तर फटही निदान १ इंच ठेवा. रंग ओघळतो, शिवाय रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला अरुंद फट मिटलेलीच दिसते. मात्रा-वेलांटीला वर ३ इंच, उकाराला खाली ३ इंच, म्हणजे एका ओळीला १२ इंच धरा. लोक ८ इंचांत भागवतात. मग वरच्या ओळीतल्या ‘लढा चालू’चा उकार खालच्या ‘किमान वेतन’च्या वेलांटीत अडकतो. तो सोडवायला दुसरा मोर्चा काढावा लागेल.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत ही फट बुजत नसे, कारण ती शिशात ओतलेलीच असे. तिथे दुखणं वेगळं. खिळे झिजले की शिरोरेषा अक्षराअक्षरात तुटे. झेरॉक्सवर पुन्हा फटीवरच संकट. प्रतीची प्रत, तिचीही प्रत काढत गेलात की ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांच्या गाठी आधी भरतात. मूळ प्रत फाइलमध्ये वेगळी ठेवा, झेरॉक्स तिचीच काढा आणि पत्रकाचं अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

आणि आता फ्लेक्स. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो. दुकानातलं सॉफ्टवेअर जुनं, त्यातले फाँट युनिकोडच्या आधीचे. चिकटवल्यावर नुसते चौकोन दिसतात, मग ऑपरेटर घाईघाईत पुन्हा टाइप करतो. फाँट युनिकोड असला आणि सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नसली, तर ‘नि’ची वेलांटी ‘न’वरून उडी मारून ‘ष’वर जाऊन बसते आणि ‘हुतात्मा’तला ‘त’ पाय मोडून एकटा उभा राहतो. चार हुतात्म्यांच्या सोलापुरात, त्यांच्या स्मृतिदिनी, १२ जानेवारीला, लंगडा हुतात्मा! पुढचा अत्याचार म्हणजे ओळ मावेना की बाजूने धरून दाबणं. त्यात उभे दांडे बारीक होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. लांबून नुसती रेघांची चवड दिसते. आणि ओळ का मावत नाही? वर एकवीस फोटो असतात ना. मागणी उरलेल्या जागेत! तेव्हा अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदललेली पीडीएफच पाठवा आणि छापण्याआधी नमुना दोघांना मोठ्यानं वाचायला लावा. त्यातला एक चळवळीबाहेरचा असू दे. आतल्याला घोषणा पाठ असते, तो डोळ्यांनी वाचतच नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. पत्रिकेतला विषय पळत पळत घेऊ.

बाबासाहेब आंबेडकरांची पत्रं घ्या. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२०चं, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७चं, आणि पुढे भारतभूषण हा स्वतःचा छापखाना. दुसऱ्याच्या छापखान्यात काय छापायचं हे अखेर मालक ठरवतो. खिळे आपले असले की हा प्रश्नच मिटतो. यावर तासभर बोलायचं होतं.

अमेरिकेतलं मेम्फिस, १९६८. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार गेले आणि संप पेटला. फलकावर इंग्रजीत चारच शब्द, अर्थ ‘मी माणूस आहे’. ठसठशीत छापील अक्षरं, ‘आहे’ या अर्थाच्या शब्दाखाली रेघ. ही रेघ मराठीत आणताना जपून. ‘माणूस’खाली ती ओढलीत तर ‘णू’चा उकार कापला जातो. जोर द्यायचाय तर अक्षर जाड करा किंवा रंग बदला.

आता सोलापूर. इथल्या विडी कामगारांसाठी पत्रक काढायचं तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार लिप्या. सगळ्यांना १४ पॉइंट दिले की समान वागणूक दिली असं वाटतं. पण उर्दूची नस्तालिक लेखनशैली तिरकी उतरते, तिची उंची त्या उतारातच खर्च होते आणि अक्षर बारीक दिसतं. तिला पॉइंट वाढवून द्या, ओळींत जागाही जास्त. तेलुगूला शिरोरेषा नाही, पण जोडाक्षरं खाली लोंबतात, तिथे ओळींतलं अंतर वाढवा. आकार कागदावर छापून, हात लांब करून डोळ्यांनी जुळवायचा. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

वेळ संपली. बाहेर टेबलावर पत्रकाचा नमुना ठेवलाय, ‘संघर्ष’ आणि ‘निषेध’ दोन्ही आहेत. एकात चूक मुद्दाम ठेवलीय. चहा घेता घेता शोधा.