‘नवीन’चं ‘नीवन’ झालं तेव्हा

[पडद्यावर: वहीचं पान, निळ्या शाईत एक ओळ]

टेप आणा आपटे.

शाळेत कुणी ना कुणी ही ओळ आपल्याला ऐकवलेली असते, आणि ऐकवून लगेच म्हटलेलं असतं, आता उलटी वाच. टे, प, आ, णा, आ, प, टे. तीच ओळ परत हाती येते. मग दुसरा कुणी ‘चिमा काय कामाची’ काढतो, तिसऱ्याला ‘रामाला भाला मारा’ आठवतं. मधली सुट्टी संपते.

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे परभणीला आली होती. नववीची परीक्षा झालेली, आणि नुकतंच तिनं पायथन शिकायला घेतलेलं. पायथन ही १९९१ पासून वापरात असलेली प्रोग्रामिंगची भाषा, नवशिक्यांना सहसा हीच सुचवतात. शिकवणीतून तिला सरावाला एक प्रोग्राम दिला होता: शब्द सुलट आणि उलट सारखाच आहे का, ते ओळखायचं. जगभर नवशिक्यांना हा प्रोग्राम देतात, कारण तो छोटा आहे आणि त्यात बरंच काही शिकून होतं.

काम एका ओळीचं. शब्दाच्या नावापुढे चौकटी कंस, कंसात दोन कोलन आणि उणे एक. एवढं लिहिलं की शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे फिरतो. तो मूळ शब्दाशी ताडून पाहायचा. जुळला तर ट्रू, नाही तर फॉल्स. इंग्रजीतले मॅडम, लेव्हल, रडार तिनं घालून पाहिले. तिन्ही ट्रू.

मग ती मराठीकडे वळली. नमन, ट्रू. नयन, कनक, सरस, सगळे ट्रू. आणि मग तिनं टाइप केलं, नवीन.

फॉल्स.

‘मामा, काँप्युटर चुकतोय,’ ती म्हणाली.

न, वी, न. उलटं वाचलं तरी न, वी, न. मी तिला म्हटलं, उलटून काय मिळालं ते छापून बघ. तिनं छापलं. पडद्यावर शब्द उमटला, ‘नीवन’.

[पडद्यावर: ‘नवीन’ आणि ‘नीवन’ एकाखाली एक, वेलांटी ‘व’वरून निघून ‘न’वर बसते]

वेलांटीनं घर बदललं होतं. ‘मध्यम’ घातला तर ‘मय्धम’ झाला. ‘काका’ उलटल्यावर सुरुवातीला एक एकटा काना आला, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा. आधार नसलेली मात्रा पडद्यावर तशीच दाखवतात.

पायथनला प्रत्येक चिन्हाचा क्रमांक विचारता येतो. ‘नवीन’चे क्रमांक आले: २३४४, २३५७, २३६८, २३४४. तीन अक्षरांचा शब्द आणि आकडे चार. २३५७ हा ‘व’, आणि २३६८ ही नुसती वेलांटी, स्वतंत्र. काँप्युटरच्या लेखी ‘वी’ नावाची एक वस्तूच नाही. ‘व’ आहे, त्याच्या मागे रांगेत उभी वेलांटी आहे. रांग उलटी केली की वेलांटी पुढच्या ‘न’च्या मागे जाते.

ही कुणाची चूक नाही. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं जे प्रमाण आहे, त्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ जागा दिल्या आहेत, आणि त्यांचा क्रम आपल्याकडच्या इस्की नावाच्या जुन्या प्रमाणावरून घेतलेला आहे. नुसत्या बाराखडीचीच चारशेवर अक्षरं होतात. त्यात जोडाक्षरं धरली तर हिशेबच संपत नाही. म्हणून व्यंजनं वेगळी, स्वरचिन्हं वेगळी, हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, वेगळा, आणि लागेल तसं जोडून घ्यायचं. साठवायला ही सोय फार चांगली. उलटायला मात्र घातक.

यानंतर भाचीनं जे केलं ते सांगायलाच हवं, कारण या वाटेनं खूप जण जातात. तिला शब्दांवरून वाक्यांवर जायचं होतं. वाक्यात मोकळ्या जागा येतात, स्वल्पविराम येतात, ते गाळायला हवेत. त्यासाठी पायथनमध्ये तयार सोय आहे: चिन्ह अक्षर किंवा अंक असेल तरच ठेव. तिनं ती वापरली. ‘चिमा काय कामाची’, ट्रू. ‘ती होडी जाडी होती’, ट्रू. गंमत म्हणजे ‘नवीन’सुद्धा ट्रू. तिला वाटलं, झालं काम.

मी म्हटलं, ‘काकू’ घाल.

ट्रू.

का, कू. उलटं केलं तर कू, का. हे सारखं कसं? तिनं गाळणीतून खाली काय उतरतंय ते छापून पाहिलं. नुसतं ‘कक’. पायथनच्या त्या सोयीला काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरं वाटतच नाहीत. मोकळ्या जागांबरोबर तिनं मराठीची सगळी स्वरचिन्हं झाडून टाकली होती. ‘चिमा काय कामाची’चं ‘चमकयकमच’ उरलं होतं, आणि ते उलटसुलट सारखं आहेच. उत्तर ट्रू आलं, पण ज्या कारणानं यायला हवं त्या कारणानं नाही. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. फॉल्स आलं की आपण चूक शोधायला लागतो. असं ट्रू आलं की फाइल बंद करून जेवायला उठतो.

मग प्रश्न उरला तो असा: एक अक्षर म्हणजे किती?

[पडद्यावर: परभणीहून निघालेली एसटी, खिडकीतून पाथरीकडचा रस्ता]

एका सकाळी मी तिला घेऊन पाथरीला गेलो. सोळाव्या शतकात या गावाला पार्थपूर म्हणत. इथे दैवज्ञ सूर्य पंडित राहत असत, सूर्यदास. ज्योतिषी आणि गणिती. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांनी १५३८ साली टीका, म्हणजे भाष्य, लिहिलं, लीलावतीवर १५४१ साली. आणि याच गणित्यानं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचलं. श्लोकाचा पूर्वार्ध वाचला की रामाचं वर्णन. तोच पूर्वार्ध शेवटाकडून वाचला की उत्तरार्ध तयार होतो, आणि तो कृष्णाचा.

पहिल्या श्लोकाची सुरुवात आहे ‘तं भूसुतामुक्तिमुदारहासं’. शेवट आहे ‘संहारदामुक्तिमुतासुभूतम्’. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून आम्ही बोट ठेवत वाचलं. मु, क्ति, मु. उलट वाचतानाही मु, क्ति, मु. ‘क्ति’ फुटत नाही. क, त आणि वेलांटी एकत्र उचलून एकत्र ठेवली जातात. पुढे ‘भव्यभ’ येतं, तिथला ‘व्य’ही तसाच अख्खा. तोंडानं एका झटक्यात जेवढं उच्चारतो, तेवढं एक अक्षर.

तिनं तिथेच वहीत नियम लिहिला. चिन्हं एकेक घेत जायचं. आलेलं चिन्ह मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलंत असेल तर मागच्या अक्षराला चिकटवायचं. मागचं अक्षर हलंतावर संपत असेल, तर येणारं व्यंजनही त्यालाच चिकटवायचं. नाहीतर नवीन अक्षर सुरू. एखादं चिन्ह कोणत्या जातीचं, हे युनिकोडच्या तक्त्यात दिलेलं असतं आणि पायथनला तो तक्ता वाचता येतो. घरी येऊन टाइप केलं तेव्हा सगळं मिळून सहा-सात ओळी झाल्या.

आता शब्द म्हणजे अक्षरांची यादी. एक बोट पहिल्या अक्षरावर, एक शेवटच्या. जुळली की दोन्ही आत सरकवायची, बोटं भेटली की थांबायचं. ‘ती होडी जाडी होती’ला सात अक्षरं, तीन वेळा ताडलं की पुरे. नवीन, ट्रू. मध्यम, ट्रू. काका, ट्रू. काकू, फॉल्स.

चिमा काय कामाची, फॉल्स.

तिचा चेहरा पडला. पण या खेपेला प्रोग्राम खरं सांगत होता. पहिली ‘चि’ ऱ्हस्व आहे, शेवटची ‘ची’ दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहायचा. ‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्यही असंच पडतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार संस्कृतातून आलेला ‘कवि’ही आपण ‘कवी’ असा दीर्घ लिहितो. त्याआधीच्या पुस्तकांतला ऱ्हस्व ‘कवि’ घातला की हेच वाक्य ट्रू होतं. मी तिला दोन्ही करून दाखवायला सांगितलं.

चिमाला सोडायला मात्र ती तयार नव्हती. कानाला ती जुळते, मग प्रोग्रामनं का नाकारायची? तिनं दोन उत्तरं द्यायचं ठरवलं. एक लिहिण्याचं, एक ऐकण्याचं. ऐकण्याच्या उत्तराआधी सगळे ऱ्हस्व दीर्घ करून घ्यायचे. हा निर्णय तिचा होता, आणि मला तो पटला.

[पडद्यावर: रात्र. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप]

शेवटी तिनं सूर्य पंडितांचा तो अख्खा श्लोक घातला. फॉल्स. ‘भूतम्’मधला ‘म्’ वेगळा पडत होता, ‘वन्दे’मधला ‘न्’ पुढच्या अक्षराला चिकटत होता. मराठीत लिहितो तसे दोन्ही अनुस्वारानं लिहिले. तरी फॉल्स. कुठे अडतंय ते छापून घेतलं. पूर्वार्ध संपतो ‘श्रीः’वर, उत्तरार्ध सुरू होतो ‘श्री’नं. अडून बसला होता तो एक विसर्ग. अनुस्वार-विसर्गाच्या फरकानं चित्रकाव्य, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचा खेळ असलेलं असं काव्य, मोडत नाही, असा जुना संकेतच आहे. तो मी तिला सांगितला, आणि तिनं विसर्ग गाळायची एक ओळ वाढवली.

चव्वेचाळीस अक्षरं. बावीस वेळा ताडून पाहिलं.

ट्रू.