कुत्र्याचा डोळा: आजच दाखवायचा की थांबायचं?

(दृश्य: तपासणीच्या टेबलावर पग. डावा डोळा मिटलेला, नाकाशेजारी पाण्याचा ओघळ.)

सकाळपासून या पगनं डावा डोळा उघडलेला नाही. अशा वेळी घरात कुणाला तरी फ्रिजमधले जुने ड्रॉप्स आठवतात. कृपा करून ते घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम असेल तर ती भरायची सोडून खोल जाते. कधी आरपार भोकही पडतं.

(दृश्य: खोलीत अंधार. डॉक्टरांच्या हातात केशरी टोकाची कागदी पट्टी.)

ही फ्लुरोसीन नावाच्या रंगाची पट्टी. ओली करून हलकेच टेकवली, डोळा धुतला, निळा प्रकाश टाकला. मधोमध हिरवा ठिपका चमकतोय ना, तीच जखम. वरवरची असेल तर नेहमीचे डॉक्टर बरी करतात, साधारण आठवड्यात. तेवढ्यात भरली नाही, खोल गेली किंवा कडा बुळबुळीत दिसू लागल्या, तर नेत्रतज्ज्ञच हवेत. पग आणि शित्झूचे डोळे बाहेर आलेले, पापण्या पुरत्या मिटत नाहीत. त्यांच्या बाबतीत जरा लवकरच घाई करावी.

लाल, धुरकट, फुगल्यासारखा डोळा म्हणजे काचबिंदूची, म्हणजे डोळ्यातला दाब वाढल्याची, शंका. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिमी पारा (mmHg) असतो. तो एकदम वाढला, तर एक-दोन दिवसांतही नजर कायमची जाऊ शकते. कुत्रा रडत नाही. नुसता कोपऱ्यात पडून राहतो, डोक्याला हात लावू देत नाही. तो अचानक भिंतीवर आदळू लागला तरी त्याच दिवशी निघा. आपल्याकडे गोचीड तापानंही डोळ्याच्या आत सूज येते, म्हणून रक्तही तपासून घ्या.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक दिसली, तर ती बहुधा वयाची असते. त्याला दिसतं, सवडीनं दाखवलं तरी चालेल.

पांढरा मोतीबिंदू मात्र वेगळा, आणि मधुमेही कुत्र्यात तो फार झपाट्यानं वाढतो. ‘पिकू द्या, मग बघू’ हा जुना सल्ला इथं घातक ठरतो. पिकलेल्या भिंगातून प्रथिनं झिरपतात, डोळा आतून सुजतो, शस्त्रक्रिया अवघड होते. डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, अजून काम करतोय का, हे तज्ज्ञ आधी ईआरजीनं, म्हणजे त्या पडद्याचे विद्युत संकेत मोजणाऱ्या चाचणीनं, तपासतात.

(दृश्य: पगच्या गळ्यात प्लास्टिकचा कोन बसवला जातो.)

निघताना कोन घालाच, वाटेत पंजा लागायला नको. आणि आजवर घातलेल्या सगळ्या ड्रॉप्सच्या बाटल्या सोबत घ्या, रिकाम्यासुद्धा.