दुसरा जोड

मंडळी, मला इथे बोलावताना विषय दिला होता, ‘गरजू मुलांना शालेय साहित्य’. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी या दोन तालुक्यांत मिळून ३१ वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, तेव्हा या विषयावर पाऊण तास बोलणं मला जड नाही, थांबणं जड जाईल. म्हणून विषय जरा लहान करून घेते. गणवेशाच्या दुसऱ्या जोडाबद्दल बोलते. पहिला बहुतेकांना कुठून ना कुठून मिळतो.

सत्तरीतल्या शाळेत चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण जुलै लागला की दिवसाआड गैरहजर. विचारलं की एकच उत्तर, “युनिफॉर्म सुकूंक ना, बाई.” दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी भर वर्गात म्हटलं, “सगळ्या गावाचे कपडे सुकतात, तुझाच तेवढा कसा सुकत नाही रे?” वर्ग खो खो हसला. मला वाटलं, आता येईल नियमित. तो पुढचे चार दिवस आला नाही.

नंतर जनगणनेच्या कामाला त्या वाड्यावर गेले. शिक्षकांना ही कामं असतातच, त्या दिवशी त्यांचा उपयोग झाला. घरात चुलीवर आडवी दोरी बांधलेली, तिच्यावर पांढरा शर्ट आणि निळी चड्डी. आई ओली लाकडं फुंकत बसलेली. शर्ट सुकत होता आणि धुरी खात होता. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसायला का मागत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या शर्टाला धुराचा वास यायचा. एकच जोड होता. संध्याकाळी भिजून आला की रात्री धुवायचा, आणि सकाळपर्यंत सुकला तर शाळा.

आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, सत्तरीत वाळपईच्या बाजूला त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. प्राथमिक शाळा उघडते जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊसही त्याच सुमाराला येतो. छत्री असली तरी चिखलातून दोन किलोमीटर चालणारं मूल कमरेपासून खाली भिजतंच. एक जोड असलेल्या मुलाची जुलैतली हजेरी तुम्ही शाळेच्या कॅटलॉगमध्ये बघा. मी नंतर मुद्दाम बघत गेले.

सरकारला हे कळत नाही असं नाही. समग्र शिक्षा योजनेत गणवेशाचे दोन जोड धरलेले आहेत, सरकारी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना, आणि मुलग्यांपैकी अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. त्यासाठी वर्षाला मुलामागे ६०० रुपयांपर्यंतची तरतूद. म्हणजे एका जोडाला ३००. त्यात कापड, शिलाई, बटणं, मुलगी असेल तर पिनाफोर. तुमच्या ओळखीच्या शिंप्याला हा आकडा सांगून त्याचा चेहरा बघा. तरीही दोन हा आकडा ज्याने कागदावर घातला त्याला माझा नमस्कार. त्याने कधीतरी पावसाळ्यात पोर शाळेत धाडलेलं असणार.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं तिसरं कलम म्हणतं की ज्या फीमुळे, आकारामुळे किंवा खर्चामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल तो त्याच्यावर पडता कामा नये. फी आपल्या सगळ्यांना आठवते. खर्च हा शब्द आपण वाचत नाही. धुराचा वास येणारा शर्ट त्या शब्दात येतो, असं माझं मत आहे. तेव्हा कपडे देताना आपण कुणावर उपकार करतोय हा भाव आधी घरी ठेवून यायचा.

मी स्वतः शाळेत गेले ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात. गोवा मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आमची भरायची देवळाच्या मंडपात. गणवेश नव्हता. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, मुलगी इस्त्रीचा फ्रॉक घालून यायची, मी थोरल्या बहिणीचा आखूड करून. त्यामुळे गणवेश आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. सगळी पोरं एकसारखी दिसणार! पुढे मास्तरीण झाल्यावर बघितलं, तर एकाच रंगातही नवा कुठला आणि तीन वर्षांचा कुठला हे पोरांना लांबून कळतं.

आता वेळेचं बघा. मे महिना आपल्याकडे पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, तांदूळ, चार महिन्यांचं घरात भरून ठेवायचं. घराचे नळे, म्हणजे कौलं, परतून घ्यायची. शेतीची सुरुवात. हातातली रोकड सगळी त्याच महिन्यात जाते आणि शाळेची यादी येते ती नेमकी तेव्हाच. त्यात २०२५ साली सहावी ते दहावीचं आणि बारावीचं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं. म्हणजे एक मूल तिसरीत आणि एक सातवीत असेल, तर त्या घराची एकदाची खरेदी दोनदा झाली. मदत करणारे मात्र अजून जूनच्या शेवटी जागे होतात. एका वर्षी आमच्याकडे छत्र्यांचा गठ्ठा आला तोवर चतुर्थी होऊन गेली होती, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं सुद्धा सुकली होती. पोरांनी छत्र्या उघडून उन्हात खेळून घेतलं.

वह्यांचं तर विचारूच नका. पहिलीच्या मुलाला कंपासपेटी, आणि चाररेघी वही हवी तिथे शंभर पानी एकरेघी. सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय, चांगली गोष्ट आहे. पण वर्गशिक्षिकेला एक फोन केलात तर त्याहून जास्त पैसे वाचतील.

गरजू कोण, हा सगळ्यात अवघड प्रश्न. देणारे यादी मागतात आणि आपण रेशनकार्डाचा रंग बघून ती करतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी डिचोलीत होते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील ट्रकवाले, कुणी गॅरेजवाला, कुणी खाणीच्या रस्त्यावर चहाचा गाडा लावणारा. ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा, बँकेचा हप्ता चालू. घराला टाइल्स, दारात मोटारसायकल. अशा घरातलं पोर कुठल्या यादीत येणार? मागच्या वर्षी ज्याच्या वडिलांनी शाळेच्या गॅदरिंगला वर्गणी दिली होती, त्याच मुलाच्या पायात पुढच्या वर्षी बोटं बाहेर आलेले बूट होते. हळूहळू काही घरं सावरली, तर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ही माणसं हात पसरत नाहीत. तुम्ही स्टेजवर नाव पुकारलंत तर त्या दिवशी मुलाला ताप येतो.

आणि बांधकामावर आलेली कर्नाटकातली कुटुंबं. मूल नोव्हेंबरात दाखल होतं, आधीच्या शाळेच्या रंगात. जूनच्या यादीत ते नसतंच.

स्टेजचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग ओळीने पोरं आणि प्रत्येकाच्या हातात पुडकं. फोटोग्राफर म्हणाला, जरा वर धरा. एका मुलीने पुडकं इतकं वर धरलं की फोटोत तिचा चेहरा आलाच नाही. सगळे हसले, मीही. ती मुद्दाम तसं करत होती हे मला रात्री जेवताना लक्षात आलं. तो फोटो पेपरात आला आणि दोन दिवसांनी त्याच पेपरात तिठ्यावरच्या गाड्यावाल्याने मला मिरचीभजी बांधून दिली.

मग आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. शाळेत एक लोखंडी कपाट होतं, जुन्या नकाशांनी भरलेलं. ते रिकामं केलं. चौथी होऊन जाणाऱ्या मुलांच्या पालकांना सांगितलं की गणवेश टाकू नका, धुऊन आणून द्या. कमी पडले ते गावच्या शिंप्याकडून शिवून घेतले, खाली तीन बोटं दुमड ठेवून, म्हणजे उसवून लांब करता येतात. मापं मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांची घेतली, गरजूंची वेगळी नाहीत. आणि नियम एकच, जो भिजून येईल त्याने कपाटातला सुका जोड घालायचा आणि आपला ओला मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवर टाकायचा.

जुलैत भिजत कोण नाही? पहिल्याच आठवड्यात सरपंचांच्या नातवाने कपाटातला शर्ट घातला. त्यानंतर कोण कशासाठी कपाट उघडतो हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. एकच जोड असलेली पोरं सरळ ओल्या कपड्यांत यायला लागली, कारण शाळेत सुकं मिळणार हे माहीत होतं. संध्याकाळी अंगावरचा तसाच घरी नेला तरी मी विचारत नव्हते. काही शर्ट परत आलेच नाहीत. आमच्या एका सहकारी बाईंनी त्याची वही ठेवायचं सुचवलं. मी म्हटलं, वही ठेवलीत की कपाटाला कुलूप आलं आणि कुलूप आलं की पुन्हा यादी आली. त्यावरून आमचं थोडं वाजलं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, वर्षअखेर दहाबारा जोड कमी भरले. तेवढे मी सोडून दिले.

अडलं ते भलत्याच ठिकाणी, धुण्यापाशी. पालक समितीतल्या बायका पहिली दोन वर्षं आळीपाळीने कपडे घरी नेऊन धूत. मग कुणी नोकरीला लागली, कुणाचं मूल पाचवीत गेलं. मी एका देणगीदारांना म्हटलं, यंदा दप्तरं नकोत, शाळेला एक वॉशिंग मशीन द्या. ते गप्प झाले. त्यांचंही खरं असेल, मशीनसोबत फोटो बरा येत नाही.

तर तुमच्यापैकी कुणाकडे जुनं, पण चालतं मशीन असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. न्यायला टेम्पो आमचा. नळ शाळेच्या मागेच आहे, दोरी आम्ही बांधलेलीच आहे.