चिपला उपाशी ठेवणारा कॅल्क्युलेटर

नमस्कार मंडळी! "दादा, पहिला स्वस्त खिशातला कॅल्क्युलेटर कुठला?" हे विचारून तुम्ही मला भंडावून सोडलंय. "पहिला" या शब्दावरून कमेंटमध्ये हाणामाऱ्या होतात, त्यात मी पडत नाही. 1971 मध्ये जपानच्या बिझिकॉमचा 'हँडी' आला, अमेरिकेत बोमारचा आला 240 डॉलरला. खिशात मावायचे, खिशाला परवडायचे नाहीत. झालं.

मला बोलायचंय 1972 च्या सिंक्लेअर एक्झिक्युटिव्हबद्दल. इंग्लंड, बनवणारे क्लाइव्ह सिंक्लेअर, किंमत 79.95 पौंड. हो, तेव्हा याला स्वस्त म्हणायचे! जाडी एक सेंटिमीटरच्या आत, आणि आत बटण सेल.

इथेच सगळे घसरतात. "म्हणजे चिप कमी वीज खाणारी असेल ना?" नाही हो! चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, चांगली खादाड, 350 मिलिवॉटच्या आसपास. बटण सेलचा तिने बघता बघता फडशा पाडला असता. मग सिंक्लेअरच्या माणसांनी काय केलं? चालू असतानाच तिची वीज तोडली. सेकंदात हजारो वेळा द्यायची, तोडायची.

आकडे पुसले कसे नाहीत? गळकी बादली घ्या. रिकामी व्हायच्या आत तांब्याभर पाणी ओतत राहिलं, तर नळ सतत सोडावा लागतो का? चिपमधले आकडे म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळून जायच्या आत विजेचा पुढचा ठोका.

नाही पटलं? झोपाळा. पाळीला एक धक्का पुरतो, कोणी झोपाळ्याबरोबर धावत नाही.

आणि "मग आकडे लुकलुकत का नाहीत?" असं विचारणाऱ्या ताईंसाठी: अंधारात पेटती उदबत्ती गोल फिरवा. ठिपका एकच, दिसतं अख्खं कडं. डोळा फसतो.

तर पुन्हा लिहू नका "कमी वीज खाणारी चिप". खादाडच होती, तिला उपाशी ठेवली! विजेचा खर्च दहाव्या हिश्शाच्या आसपास आला.

आमच्या बाबांचं किराणा दुकान. कॅल्क्युलेटरवर बेरीज करून झाली की तोंडी पुन्हा ताळा करायचे, पावकी-निमकी पाठ होती ना! यंत्रावर विश्वास शून्य. मी त्यांना ही युक्ती सांगितली तर म्हणाले, "म्हणजे मध्ये मध्ये झोपतंय, आणि मी त्याच्यावर हिशेब सोडू?"

बरं, खरी मध्यमवर्गीय किंमत आली 1973 च्या ऑगस्टमध्ये. सिंक्लेअर केंब्रिज, 29.95 पौंड, व्हॅट वेगळा. सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडलात तर 5 पौंड आणखी कमी. म्हणजे डाग देऊन तारा जोडता येणाऱ्याला सवलत! मी पहिल्यांदा सोल्डरिंग गन धरली तेव्हा टेबलक्लॉथला भोक पाडलं होतं, त्यामुळे मी आपला पूर्ण पैसे मोजणाऱ्यांतला.