आधी ऊब, मग दूध

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस ओसरला की जिन्याखाली, पार्किंगमध्ये, बंद टपरीच्या आडोशाला कुत्र्याची पिल्लं दिसायला लागतात. पाच-सहा जणं आईला लुचत असतात आणि एखादं बाजूला पडलेलं असतं. मग आपल्याला कळवळा येतो आणि आपण दुधाची वाटी घेऊन धावतो.

मीही धावलो होतो. आमच्या जिन्याखालचं पिल्लू, मुठीत मावेल एवढं, डोळेही न उघडलेलं. कापसाचा बोळा पिळून दूध पाजत बसलो. दूध ओठावरून ओघळून हनुवटीखाली जमत होतं आणि मी आपला समजतोय, पितंय! शेजारच्या मावशींनी त्याच्या पोटाला नुसता हात लावला. म्हणाल्या, "अरे, हे गार पडलंय. पाजतोस काय? आधी शेक त्याला."

मावशींचं म्हणणं बरोबर होतं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंग गार पडलं की आतडी मंदावतात, पोटातलं दूध पचत नाही. वर चोखायची ताकद नसते, त्यामुळे बळेबळे घातलेलं दूध श्वासनळीत उतरतं.

म्हणून आधी ऊब द्या. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला सरकता येईल. घाई नको, तास-दोन तास लागू द्या. तोवर साखरपाण्याचा एखादा थेंब हिरडीला चोळा. मग स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडात घालून पाहा. तोंड आतून कोमट लागलं आणि जिभेने बोट ओढलं, तर समजा, आता भूक लागलीय.

आई असेल तर तिच्याकडेच लावा, शक्यतो मागच्या आचळांना. तिथे दूध जास्त असतं. मात्र व्यायलेली कुत्री चावू शकते, हे विसरू नका. आईच नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून पिल्लांसाठीची दूध पावडर घ्या. गाईचं दूध त्यांना पातळ पडतं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. आणि पालथं ठेवूनच! आपण तान्ह्या बाळासारखं उताणं धरतो, तिथेच घात होतो. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हळुवार पुसा. आई चाटते ना, तसं. त्याशिवाय ते शी-शू करत नाही.

दूध नाकातून येत असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा शेकूनही पिल्लू लुळंच राहिलं, तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा. तोंडातला टाळू दुभंगलेला असू शकतो, पिसवांनी रक्त शोषलेलं असू शकतं. हे आपल्या हातातलं काम नाही.

अंगावर बाळसं दिसतं का, हे डोळ्यांवर सोडू नका. स्वयंपाकघरातला काटा घ्या, रोज एकाच वेळी वजन करा. 300 ग्रॅमचं पिल्लू दिवसाला साधारण 15 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. आमच्या पिल्लाचे आकडे मी कॅलेंडरच्या मागे लिहायचो: 210, 210, 212. चौथ्या दिवशी 224 दिसले, तेव्हा काटा बिघडला असेल म्हणून मावशींनी त्यावर साखरेची पुडी ठेवून पाहिली होती.

नमस्कार.